गिनी आणि कोंबड्या एकत्र पाळताय? मग भांडणाचं गणित समजून घ्या

कानात हेडफोन घालून शेतात पाणी देत असाल, बसमध्ये असाल किंवा रात्री पांघरुणात मोबाईल धरून वाचत असाल, तुमचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझं खोकणं आणि मागचा मोटारीचा आवाज काढून टाकलाय.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही दिवसांत मला एकाच प्रकारचे व्हॉइस नोट्स येतायत. कुणी म्हणतं, "दादा, गिनी आणल्यापासून आमचा कोंबडा शेडमधून बाहेरच येत नाही." कुणी म्हणतं, "कोंबड्यांच्या शेपटीची पिसं गायब झालीत." आणि एका मुलीनं विचारलं, "घरचे म्हणतात गिनी कापून टाकू. काही करता येईल का?"

करता येईल. पुष्कळ करता येईल. पण आधी ही भांडणं होतात कशामुळे ते कळलं पाहिजे. नाहीतर आपण काठी घेऊन गिनीच्या मागे धावत बसतो, आणि गिनीच्या मागे धावून आजपर्यंत कुणी जिंकलेलं नाही.

आधी गिनीची ओळख

गिनी फाउल म्हणजे करड्या अंगावर पांढरे ठिपके, निळसर-पांढरं तोंड आणि डोक्यावर हाडासारखं टोक असलेला तो पक्षी. मूळचा आफ्रिकेतला. तिथल्या गवताळ माळरानांवर तो आजही रानटी अवस्थेत थव्यानं फिरतो. आपल्याकडे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे गिनीचे वाण तयार झालेत. नावं इतकी छान आहेत की पक्षी शांतच असणार असं वाटतं. तसं काही नाही.

गिनी का पाळतात? अंडी देतात, हंगामात 100 च्या आसपास, कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान पण कवच दणकट. किडे, गोचीड, टोळ वेचून खातात. आणि ओरडतात. अनोळखी माणूस, कुत्रा, मुंगूस, साप, घार, काहीही दिसलं की अख्खा थवा बोंब मारतो. "गिनी साप मारते" असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर फार विसंबू नका. तिचं खात्रीचं काम म्हणजे वर्दी देणं. राखणदार म्हणून ती एक नंबर आहे.

आता मुद्दा असा, की कोंबडी हजारो वर्षं माणसाच्या अंगणात राहिलीये. गिनी अंगणात आली तरी तिच्या डोक्यातलं माळरान गेलेलं नाही. तिला जागा लागते, थवा लागतो आणि पळायला वाट लागते. हे तिन्ही मिळालं तर ती कोंबड्यांकडे फारसं बघतही नाही. नाही मिळालं की सुरू.

कोंबड्यांचं भांडण वेगळं, गिनीचं वेगळं

कोंबड्यांमध्ये मोठेपणाची उतरंड असते हे तुम्ही पाहिलं असेल. आधी कोण खाणार, कोण कुणाला टोचणार, सगळं ठरलेलं. साधारण 100 वर्षांपूर्वी नॉर्वेच्या थॉर्लिफ श्जेल्डेरुप-एब्बे नावाच्या अभ्यासकानं कोंबड्या बघून बघून ही उतरंड पहिल्यांदा नीट मांडली. इंग्रजीतला "पेकिंग ऑर्डर" हा शब्द तिथूनच आला. आज आपण तो ऑफिसातल्या साहेब लोकांसाठीही वापरतो.

तर दोन कोंबडे कसे भांडतात? समोरासमोर. मान फुलवतात, एकमेकांकडे टक लावतात, उडी मारून पायांनी मारतात. थोड्या वेळात एक हरतो, मान खाली घालतो, बाजूला होतो. जिंकणारा एकदा आरवतो आणि विषय संपला. पुढचे कित्येक दिवस नुसत्या नजरेवर भागतं.

गिनीचा नर असा भांडत नाही. त्याची पद्धत म्हणजे पाठलाग. पाठ वर काढायची, पंख थोडे उचलायचे, मान पुढे काढायची आणि सुसाट धावायचं. गिनी-गिनीमध्ये हे चालून जातं, कारण दुसरी गिनीही तशीच पळते. दोघं वावरभर पळतात, दम कुणाचा जास्त ते ठरतं, आणि मग शेजारी शेजारी दाणे टिपतात.

पण समोर कोंबडा असेल तर? कोंबडा उभा राहतो, मान फुलवतो, समोरून लढायला तयार होतो. गिनी मात्र बाजूनं येते, मागून येते, शेपटीचं पीस उपटते आणि निघून जाते. कोंबडा वळेपर्यंत दुसरी गिनी आलेली असते. शेवटी कोंबडा हार मानतो, कोपऱ्यात मान खाली घालून बसतो. दुसऱ्या कोंबड्याला याचा अर्थ बरोबर कळला असता. गिनीला तो कळेलच असं नाही. तिच्या हिशेबात जो हरला तो लांब पळून जातो. हा तर इथंच बसलाय! म्हणून ती परत येते.

मंडळी, आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: गिनीपासून हरलेल्या पक्ष्याला पळायला जागा आणि लपायला आडोसा मिळाला, तर भांडण संपतं. नाही मिळाला, तर तेच भांडण जीवावर जातं. पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीतून निघतात.

फलटणकडची एक गोष्ट

माझी मावशी फलटण तालुक्यात असते. तिच्याकडे 14 गावरान कोंबड्या, 2 कोंबडे, आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आणलेल्या 7 गिनी. अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे. त्यातून बचत गटाचा हप्ता जातो. घरात त्या पैशाचा हिशेब कुणी विचारत नाही, आणि तिलाही कुणाकडे हात पसरावा लागत नाही. हे तिच्यासाठी किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

हिवाळाभर सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. मार्चच्या शेवटी बिघडलं. रोजची 8-9 अंडी 3-4 वर आली. मोठा कोंबडा दिवसभर ट्रॉलीखाली बसून राहायला लागला. दोन तलंगांच्या पाठी पार उघड्या पडल्या. काका म्हणाले, रविवारी बाजारात सगळ्या गिनी विकून टाकू. मावशीला ते नको होतं, कारण त्याच महिन्यात पहाटे गिनींनी कालवा केला म्हणून गोठ्याशेजारी घोणस दिसली होती. तिथून रोज धारेला जायचं असतं. म्हणजे एकीकडे हप्ता आणि दुसरीकडे घोणस. मला फोन आला, मी दोन दिवस जाऊन राहिलो.

मी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. खुर्ची टाकून बसलो आणि मोबाईलवर नुसती नोंद करत गेलो: कोण कुणाला, कुठे, किती वाजता. तुम्हीही आधी हेच करा. संध्याकाळी यादी बघितली तर चित्र स्पष्ट होतं. दिवसभरातल्या बहुतेक मारामाऱ्या दोनच ठिकाणी होत्या: शेडच्या आत सकाळी, आणि दाण्याच्या भांड्याशी. मोकळ्या रानात जवळजवळ शून्य.

सकाळीच का? तर शेजारच्यांनी भाजीचा नवा वाफा केला होता, म्हणून पक्षी साडेनऊपर्यंत कोंडून ठेवत होते. शेड 8 बाय 10 फूट. म्हणजे 80 चौरस फुटांत 23 पक्षी. आकड्यानं बघितलं तर रात्री झोपायला पुरेसं आहे. गिनीला प्रत्येकी 2 ते 3 चौरस फूट जागा सांगतात, कोंबडीला त्याहून थोडी कमी चालते. पण उजाडल्यावर जागा असून पळायला वाट नाही. एक दार, तेही बंद. दाण्याचं भांडं एक, तेही कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या भांड्याशी जी कोंबडी खायला गेली, तिच्या दोन्ही बाजूंना भिंत आणि मागे गिनी.

दुसरी गोष्ट कानानं कळली. गिनीत नर-मादी दिसायला जवळपास सारखे. नराच्या चोचीखालचे लोंबते लाल पडदे जरा मोठे असतात, पण खरी खूण आवाजाची. मादी दोन तुकड्यांत ओरडते, पहिला तुकडा आखूड आणि दुसरा वर चढणारा. नर एकाच तुकड्याचा आवाज भराभर काढतो. मादी घाबरली की तीही एकतुकडी ओरडते, पण नर दोन तुकड्यांत कधीच ओरडत नाही. पिल्लं दोनेक महिन्यांची झाली की हा फरक ऐकू येऊ लागतो. मी ऐकून ऐकून मोजलं. 7 पैकी दोघीच दोन तुकड्यांत ओरडत होत्या. म्हणजे 5 नर आणि 2 माद्या!

आता मार्च का ते जुळलं. गिनी हंगामी पक्षी आहे. दिवस मोठा व्हायला लागला, उन्हाळा लागला की तिचा विणीचा काळ सुरू होतो आणि पावसाळ्यापर्यंत चालतो. या काळात नर आपल्या मादीभोवती पहारा देतो. पाळीव थव्यात 4-5 माद्यांमागे 1 नर पुरतो. इथे 2 माद्यांमागे 5. तीन नर रिकामे, अंगात रग, समोर दोन कोंबडे.

आम्ही काय केलं, आणि तुम्ही काय करू शकता

पहिलं, कोंडून ठेवायची वेळ कमी केली. उजाडल्याबरोबर दार उघडायचं. शेजारच्या वाफ्याला जुनी शेडनेट लावून दिली, मावशीनं सोबत डझनभर अंडी पाठवली, विषय मिटला. तुमच्याकडे कोंडून ठेवणं भागच असेल तर शेडला दोन तोंडं ठेवा, किंवा मध्ये जाळी मारून गिनी एका बाजूला आणि कोंबड्या दुसऱ्या बाजूला करा. रात्री एकत्र चालेल, उजाडल्यावर कोंडलेलं नको.

दुसरं, दाणा-पाणी तीन जागी. आणि तिन्ही जागा एकमेकींपासून लांब, भिंतीपासून सुटलेल्या. म्हणजे भांड्याच्या चारही बाजूंनी निघून जाता आलं पाहिजे. एक गिनी तीन भांडी राखू शकत नाही.

इथे एक भारी गोष्ट सांगतो. केनियात गिधाडासारख्या बोडक्या डोक्याची गिनीची एक जात आहे, आपल्या गिनीची लांबची बहीण. डॅनाई पापाजॉर्जिऊ आणि डेमियन फरीन या संशोधकांनी या पक्ष्यांना जीपीएस लावून त्यांच्या थव्यांचा अभ्यास केला. 2020 साली त्यांनी लिहिलं, की थव्यातले दादा पक्षी एखादी खाण्याची जागा अडवून बसले की ज्यांना खायला मिळत नाही ते तिथून निघून चालायला लागतात, आणि मग सगळा थवा, दादांसकट, त्यांच्या मागे जातो. म्हणजे रानात उपाशी राहिलेल्यांकडे एक ताकद असते: निघून जाण्याची. आपण चार भिंतींत एकच भांडं ठेवतो तेव्हा नेमकी तीच ताकद काढून घेतो.

तिसरं, आडोसा. दोन जुनी दारं भिंतीला तिरकी टेकवून ठेवली, दोन्ही टोकं उघडी. कडब्याच्या चार पेंढ्या मधोमध उभ्या केल्या. पाठलाग करणाऱ्या गिनीला समोरचा पक्षी दिसेनासा झाला की तिचा जोर ओसरतो. मात्र आडोशाला नेहमी दोन वाटा हव्यात. एकतोंडी आडोसा हा आडोसा नाही, सापळा आहे.

चौथं, रात्रीची बसायची जागा. गिनीला उंच बसायला आवडतं, रानात ती झाडावर झोपते. शेडमध्ये सगळ्यात वरची काठी तिच्यासाठी, कोंबड्यांसाठी खालच्या बाजूला वेगळ्या काठ्या. एकाच काठीवर सगळ्यांना बसवलं की संध्याकाळी धक्काबुक्की ठरलेली. अंडी घालायच्या पेट्याही अंधाऱ्या, आडबाजूच्या हव्यात. मावशीच्या कोंबड्यांनी अंडी पूर्ण बंद केलीच नव्हती. भीतीनं त्या शेड सोडून उसाच्या कडेला अंडी घालत होत्या, आणि ती मुंगसाच्या घरी जात होती.

पाचवं, आणि सगळ्यात अवघड: नर कमी करणं. पाचपैकी तीन नर काढायचे ठरले. मावशी दोन दिवस गप्प होती. लहान पिल्लांपासून तिनं हातावर दाणे घालून वाढवलेले. पण दोन माद्यांमागे पाच नर ठेवून बाकी कितीही भांडी वाढवली तरी वैशाखात तेच झालं असतं. एकाच्या ओळखीत दुसऱ्या गावी चार माद्या आणि एकही नर नव्हता, तिथे दोन गेले. तिसरा बाजारात विकला. तो कुठे गेला ते मावशीनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निकाल सांगतो, आणि जसा आहे तसाच सांगतो. तीन आठवड्यांनी अंडी 7 वर आली. पहिल्यासारखी 9 नाही झाली, पण बचत गटाचा हप्ता चुकला नाही. मोठा कोंबडा ट्रॉलीखालून बाहेर आला. उरलेले दोन गिनी नर अजूनही कधीमधी त्याच्या मागे लागतात. तो दारामागे जातो, दुसऱ्या टोकानं निघतो, आरवतो. एवढं चालायचंच. सगळी टोचाटोची बंद होईल असं कुणी सांगत असेल तर त्यानं गिनी पाळलेली नाही.

तुमचे प्रश्न

*"एकच गिनी ठेवली तर भांडणं होणार नाहीत ना?"*
उलट होईल. गिनी थव्याचा पक्षी आहे. एकटी पडली तर ती कोंबड्यांनाच आपला थवा समजते आणि गिनीच्या पद्धतीनं त्यांच्याशी वागते. शिवाय दिवसभर हाका मारत फिरते. निदान चार-पाच ठेवा, त्यात नर एक.

*"एकच नर फार त्रास देतोय. त्याला काय करू?"*
त्याला जाळीआड ठेवा, पाच-सात दिवस. बाकीचे त्याला दिसले पाहिजेत, पण चोच पोचता कामा नये. सोबत एक मादी द्या, एकटा ठेवू नका. परत सोडाल तेव्हा बाकीच्यांची घडी बसलेली असते आणि त्याला पुन्हा जागा शोधावी लागते. दोनदा करून फरक पडला नाही तर तो नर तुमच्या थव्यासाठी नाही.

*"चोच कापावी का?"*
नको. गिनी किडे टिपते त्या चोचीनंच. आणि भांडणाचं मूळ पाठलागात आहे, चोच कापून पाठलाग थांबत नाही.

*"रक्त आलं तर?"*
आधी जखमी पक्षी बाजूला काढा, मग बाकी सगळं. लाल रक्त दिसलं की कोंबड्या स्वतःच त्या जागी टोचत सुटतात, मग गिनीची गरजही उरत नाही. जखम स्वच्छ करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, खोल असेल तर पशुवैद्यकाला दाखवा. पिसं परत येईपर्यंत डालग्याखाली किंवा वेगळ्या खुराड्यात ठेवा.

*"नवीन गिनी आणतोय. पहिल्या दिवसापासून काय करू?"*
आधी तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवा. रोग आणला असेल तर तो तिथेच कळतो. मानमोडीनं अख्खं खुराडं रिकामं झालेलं तुम्ही पाहिलं असेल. मग आठवडाभर जाळीआडून एकमेकांना बघू द्या. नंतर संध्याकाळी, दाणा टाकायच्या वेळी, मोकळ्या जागेत सोडा. शेडच्या आत पहिली भेट कधीच घडवू नका.

*"लहानपणापासून एकत्र वाढवली तर?"*
हा सगळ्यात चांगला मार्ग. खुडूक कोंबडीखाली दोन्ही अंडी उबवता येतात. पण कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं आणि गिनीचं 26 ते 28 दिवसांत. म्हणून गिनीची अंडी आधी ठेवा आणि आठवडाभरानं कोंबडीची. पिल्लं जवळपास एकत्र निघतात आणि एकाच आईमागे फिरतात. मात्र गिनीच्या पिल्लांना जास्त प्रथिनांचं खाद्य लागतं, दव आणि ओल सोसत नाही, आणि ती उथळ पाण्यातही बुडतात. पाण्याच्या ताटलीत खडे टाका. अशी एकत्र वाढलेली पिल्लं पुढे एकमेकांना ओळखून राहतात. तरीही विणीच्या हंगामात नर ते नरच, एवढं ध्यानात ठेवा.

जाता जाता

आजचा गृहपाठ सोपा आहे. उद्या सकाळी अर्धा तास पक्ष्यांजवळ बसा. मोबाईल हातात असेलच, त्यात तीन गोष्टी लिहा: भांडण कुठे होतंय, मार खाणाऱ्याला पळायला किती वाटा आहेत, आणि किती गिनी दोन तुकड्यांत ओरडतायत. शक्य असेल तर ओरडण्याचं रेकॉर्डिंग करा आणि मला पाठवा, नर-मादी ओळखायला मदत करतो.

आणि घरी कुणी "सगळ्या विकून टाकू" म्हणत असेल, तर त्यांच्याकडे दोन आठवडे मागून घ्या. दोन भांडी वाढवायला, एक जुनं दार टेकवायला आणि नर मोजायला तेवढे पुरतात. त्यानंतर विकायचं ठरलं तर ठरलं, पण मग काय विकायचं आणि का, ते तुम्हाला माहीत असेल.

पुढच्या भागात उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी का येतात त्यावर बोलू. तोपर्यंत पक्ष्यांना पाणी ठेवा, स्वतःही प्या. भेटू!